बिनसेलचा हात

देवपूर, धुळे
३ जुलै १९९०

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. डाव्या हाताने काढलेलं तुझं अक्षर आता माझ्या उजव्या हाताच्या अक्षरापेक्षा सुबक झालंय. कॉलेजातली पोरं म्हणतात, सर, फळ्यावर काय लिहिलंय ते तोंडी सांगा.

बातमी अशी की तुझा हात तयार झाला.

कडबा कापायच्या कुट्टीच्या यंत्राने तुझा उजवा हात कोपराखाली नेला, त्याला दोन वर्षं झाली. पुण्याहून त्याच्या जागी तो हुक बसवून आणला, तो मला पहिल्या दिवसापासून खुपतो. पाठीवरून चामड्याचा पट्टा. खांदा पुढे लोटला की लोखंडी चिमटा उघडायचा, सैल सोडला की रबराने मिटायचा. लोहाराच्या दुकानात शोभेल अशी वस्तू माझ्या बहिणीच्या अंगावर! भाचीच्या साखरपुड्यात तू तो पदराखाली लपवून बसलीस, तेव्हाच मी ठरवलं होतं.

मी केलेल्या हाताला पाच बोटं आहेत. पट्टा नाही, काही नाही. दंड आवळलास की आत कळ दाबली जाते आणि मोटर मूठ मिटवते. आणि खरी गंमत पुढेच. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला मी दाब ओळखणाऱ्या चकत्या बसवल्यात. तिथून वायर वर येते, दंडाला बांधायच्या पट्टीत. त्या पट्टीत टेपरेकॉर्डरची बारकी मोटर आहे, ती गुरगुरते. वस्तू हलकी धरलीस तर हळू, घट्ट धरलीस तर जोरात. म्हणजे अक्का, तुला परत स्पर्श कळणार! बाहेरच्या देशांत मोठमोठ्या प्रयोगशाळा याच्यामागे लागल्यात. आम्ही देवपुरात केलं.

आमच्या कार्यशाळेतल्या हिलालने बोटं कोरली. मुद्दाम बायकी कोरली.

राखीला घेऊन येतो. हुक तेवढा माळ्यावर टाकून ठेव.

तुझा
गिरधर


निंभोरे, ता. रावेर
२ सप्टेंबर १९९०

चि. गिरधरला अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर गल्लीतल्या बाया हात बघायला आल्या. सगळ्यांना आवडला. नखंसुद्धा आहेत म्हणून कौतुक झालं. एकीने विचारलं, वाढतात का?

तू विचारलंस, रोज वापरतेस ना. वापरते की. सकाळी देवापुढे बसते तेव्हा लावते, आणि कोणी पाहुणे आले की लावते. गुरगुर चांगली होते. सासूबाईंना आधी वाटलं माझ्या बाहीत भुंगा शिरला. त्या म्हणाल्या, "कुंदा, हालू नको व, डसंल." मग समजावलं त्यांना.

बाकी पाऊस बरा आहे. केळीला घड लागले. परवा भागवताच्या पंगतीत माझीच धावपळ झाली. तेलाच्या कढईखालचं जळकं लाकूड कोणाला ओढता येईना, मला हाक मारली. चुलीवरचं पातेलं मी फडक्याशिवाय उतरवते हे आता साऱ्या गावाला माहीत झालंय.

हे बरे आहेत. बोलणं कमीच. तुला माहीतच आहे.

तुझी
अक्का


देवपूर, धुळे
९ ऑक्टोबर १९९०

ती. अक्का,

तुझं पत्र मी हिलालला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हाऊ हात भलता हुशार शे!" जळकं लाकूड ओढलंस, पातेलं उतरवलंस, म्हणजे माझा हात उष्णतेलाही टिकला. हे मी मोजून पाहिलंच नव्हतं. अहवालात लगेच घातलं.

आता महत्त्वाचं ऐक. मुंबईहून एक समिती येणार आहे. त्यांना पटलं तर कॉलेजात अशा हातांची कायमची कार्यशाळा उघडायला अनुदान मिळेल. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत कुट्टीने, मळणीयंत्राने हात गेलेली किती माणसं आहेत, ते मी गावोगाव फिरून बघतोय. साक्रीकडे एक बाई भेटली, चिंध्यांनी बांधलेल्या काठीने भाकरी थापते. हात देतो म्हटलं तर माझ्याकडे अशी बघत राहिली की मी विषय बदलला. यांच्यासाठी हे झालं पाहिजे, अक्का.

समिती तुझे डोळे बांधून हातात वस्तू देईल. लिंबू, बटाटा आणि अंडं. दाबावरून तू ओळखायचं. अंडं फुटता कामा नये. तोपर्यंत रोज सराव कर.

गिरधर


निंभोरे
१२ नोव्हेंबर १९९०

चि. गिरधर,

लिंबू आहे, बटाटा आहे. अंडं या घरात येणार नाही. सासूबाईंना नुसतं विचारलं, तर त्या माझ्या ताटाला शिवेनात. म्हणाल्या, "गिरधरले म्हना, बटाट्याले चुना लाव अन् दे." म्हणून मी पिकल्या केळ्यावर सराव करते. ते अंड्याइतकंच नाजूक.

सराव चांगला चालला आहे. घरात रोज शिकरण आहे.

थंडी पडली. भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या. कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी उलटीपालटी करायला मला प्रत्येक मळ्यातून बोलावणं येतं. आधी बाया माझ्याकडे बघायच्या आणि पदर डोळ्याला लावायच्या. आता म्हणतात, कुंदाकाकी आल्याशिवाय जाळ पेटवू नका. कोणाकोणाला हो म्हणू?

अक्का


देवपूर, धुळे
२ जानेवारी १९९१

ती. अक्का,

शिकरण खाऊन तब्येत सुधारली असेल! केळ्यावरचा सराव ही तुझी कल्पना मी अहवालात लिहिली आहे.

समिती संक्रांतीनंतरच्या शनिवारी येते. तू आणि भाऊजी आदल्या दिवशीच या. जळगावहून धुळ्याची एसटी दर तासाला आहे. प्राचार्यांनी मांडव घालायला सांगितलाय. मी म्हटलं, मांडव कशाला? ते म्हणाले, सत्कार उन्हात करायचा का?

मला झोप लागत नाही. हे जमलं नाही तर समिती सरळ नाशिकच्या कॉलेजकडे जाईल, आणि साक्रीच्या त्या बाईला मी तोंड कसं दाखवू?

गिरधर


निंभोरे
२२ जानेवारी १९९१

चि. गिरधरला अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुझ्या गळ्यातला हार सासूबाईंना दाखवायला आणला होता, तो शेळीने खाल्ला.

तुझं कौतुक झालं, मला फार बरं वाटलं. त्या मोठ्या साहेबांनी स्वतःच्या रुमालाने माझे डोळे बांधले, रुमालाला अत्तराचा वास होता. लिंबू दिलं, मी लिंबू म्हटलं. बटाटा दिला, बटाटा म्हटलं. अंडं दिलं, अंडं म्हटलं, आणि जसंच्या तसं ताटलीत परत ठेवलं. टाळ्या इतक्या झाल्या की मांडवावरचे पारवे उडाले. मी जन्मात कधी अंड्याला हात लावला नव्हता. लावला तोही तुझा.

सगळं नीट झालं. आता जास्त विचार करू नकोस, झोपत जा.

हे येताना एसटीत एकच वाक्य बोलले. म्हणाले, "गिरधर घामाघूम झाला व्हता."

अक्का


देवपूर, धुळे
५ फेब्रुवारी १९९१

ती. अक्का,

हे पत्र तू एकटीच वाच.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी घरी येऊन कोट काढला. खिशात काहीतरी जड लागलं. ते पेन्सिल सेल होते. गुरगुरणाऱ्या पट्टीचे. आदल्या संध्याकाळी, उगाच संपायला नकोत म्हणून मीच काढून ठेवले आणि घालायचे विसरलो. बोटांच्या मोटरची बॅटरी वेगळी, म्हणून मूठ उघडत-मिटत होती आणि मला काही शंका आली नाही. पण तुझ्या दंडावरची पट्टी मेलेली होती, अक्का. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुला काहीसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

मग तू ओळखलंस कसं?

मी समितीला खरं काय ते लिहून कळवलं. प्राचार्यांनी आधी अडवलं, मग म्हणाले, लिही, पण माझ्या सहीशिवाय. अनुदान गेलं असंच धर. ते एक वेळ सोसेन. पण तू गुपचूप मला सांभाळून घेतलंस का, एवढं सांग. लहानपणी माझी गणितं सोडवून द्यायचीस, तसं?

गिरधर


निंभोरे
१४ फेब्रुवारी १९९१

चि. गिरधर,

हो. पट्टी गप्प होती. लिंबू हातात आलं तेव्हाच मला कळलं. मला वाटलं, यंत्र ऐन वेळी बिघडलं. सांगितलं असतं तर तुझा चेहरा पडला असता. माझे डोळे बांधलेले होते, तरी मला तो दिसला असता.

ओळखलं कसं, त्यात काय मोठं? बटाटा जड. हात जिथे माझ्या कोपराला घट्ट बसतो तिथे ओढ लागते. लिंबाला तशी लागली नाही. आणि अंडं आलं तेव्हा सगळा मांडव श्वास धरून गप्प झाला. लिंबासाठी कोण श्वास धरतं?

मूठ मिटायला लागली तशी मी मनात नामस्मरण केलं आणि दंड लगेच सैल सोडला. ते फुटलं नाही हे नशीब.

आता तू खरं बोललास तर मीही बोलते. तुझा हात मी कामाला लावत नाही. चुलीशी, मळ्यात, भरिताला, सगळीकडे हुकच असतो. जळकं लाकूड हुकाने ओढलं होतं. आणि शिकरण सरावाचंच होतं. गुरगुर जाणवून दंड सैल सोडेपर्यंत केळ्याचा लगदा झालेला असायचा. नातेवाइकांना वाटतं आमच्याकडे फार गोडधोड होतं.

रागावू नकोस. होळीला ये. पुरणपोळी करते, शिकरण नाही.

अक्का


देवपूर, धुळे
२० मार्च १९९१

ती. अक्का,

होळीहून आल्यापासून मी एकच गोष्ट घोळवतोय.

तुझ्या ओट्यावर मी तुझे डोळे बांधले. आधी माझा हात लावला, या वेळी सेल घालून, दोनदा तपासून. मग हुक लावला. सासूबाई जात्याशी बसून हसत होत्या. हुकाने तू टोमॅटो उचललास, पिकलं केळं उचललंस, पाण्याचा कागदी पेला उचललास, आणि प्रत्येक वेळी मऊ की कडक ते बिनचूक सांगितलंस. माझ्या हाताने पेला चेपून माझ्याच अंगावर पाणी उडालं.

परत येताना एसटीत डोक्यात उजेड पडला. हुकाचा पट्टा तुझ्या पाठीवरून जातो. चिमटा वस्तूला टेकला की पट्ट्याचा ताण बदलतो. तो तुझ्या खांद्याला, पाठीला थेट कळतो. मधे वायर नाही, मोटर नाही, वेळ जात नाही. म्हणजे तुझ्याकडे स्पर्श होता. मी दोन वर्षं राबलो, तुझा पट्टा काढून घेतला, आणि त्याच्या जागी भुंगा दिला.

आणि आता समितीचं उत्तर वाच. जसंच्या तसं लिहितो: "सदर उपकरण सेल नसतानाही कार्यक्षम असल्याचे आपण स्वतःहून निदर्शनास आणून दिले, ही बाब समितीने समाधानपूर्वक नोंदवली आहे. सेलवरील आवर्ती खर्चात होणारी बचत पाहता, बिनसेलच्या स्पर्शाच्या या योजनेस अनुदान मंजूर करण्यात येत आहे."

मी माझी चूक कळवली, त्यांनी तिला शोध म्हणून मंजुरी दिली. मी पुन्हा खुलासा पाठवला. त्यावर उत्तर आलं, की मंजूर झालेल्या प्रकरणात पत्रव्यवहार करू नये.

हिलालने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग वाटलं, त्यांनी लिहिलंय ते चुकून खरंच आहे. बिनसेलचा स्पर्श हुकात आहेच. तेव्हा आता आम्ही हुकच करणार. पट्टा नीट बेतलेला, बाईच्या खांद्याला काचणार नाही असा, चिमट्याच्या आत रबर लावलेला. साक्रीच्या बाईचं माप घेऊन आलो. या वेळी मी विषय बदलला नाही.

आता एक काम. समितीला मुंबईत प्रदर्शन भरवायचं आहे. हुक पाठवतो म्हटलं तर म्हणाले, तो फोटोत बरा दिसत नाही, पाच बोटांचा पाठवा. तुला त्याचा काही उपयोग नाहीच. जळगाव स्टँडवरून पार्सल करून दे.

गिरधर


निंभोरे
१६ एप्रिल १९९१

चि. गिरधर,

इथे केळीचे वॅगन भरणं चालू आहे, जळगावला जायला कोणाला सवड नाही. शिवाय त्या हाताच्या एका नखाचा रंग उडाला आहे. असा प्रदर्शनात बरा दिसणार नाही.

लिंबाचं लोणचं घातलं आहे. येशील तेव्हा नेशील.

अक्का


देवपूर, धुळे
३० एप्रिल १९९१

ती. अक्का,

नखाला हिलाल रंग लावेल. मला फक्त हात हवा आहे. कोणाच्या हातून पडला, मोडला, पोरांनी खेळायला नेला, असं काही असेल तर मोकळं सांग. की सासूबाईंनी अंड्याला लागला म्हणून टाकून दिला?

का माझ्यावर रागावलीस? होळीला मी तुझ्या ओट्यावर आलो आणि तुझी परीक्षा घेतली, तुला ढोरासारखं तपासलं, ते मनाला लागलं का? भाऊजी तेव्हा उठून मळ्यात निघून गेले, ते मी पाहिलं होतं. त्यांना नसेल आवडलं. त्यांचा तो हात घरात राहावा असा मुळीच आग्रह नसणार, हे मला कळतं. म्हणून म्हणतो, देऊन टाक.

गिरधर


निंभोरे
१२ मे १९९१

चि. गिरधर,

लिहू की नको करता करता इतके दिवस गेले. तू धाकटा आहेस, तुला हे कसं लिहायचं? पण तू यांच्याबद्दल भलतंच समजून बसलास, म्हणून लिहिते.

माझा हात गेल्यापासून हे माझ्या उजव्या बाजूला बसत नव्हते. जेवायला, बैलगाडीत, दवाखान्यात, नेहमी डावीकडे. रागाने नाही. हुकाकडे बघवत नव्हतं त्यांना. कधी चुकून हुक अंगाला लागला तर चटका बसल्यासारखे बाजूला व्हायचे, आणि मग दिवसभर बोलायचे नाहीत. मीही मग रात्री हुक काढून भिंतीकडे उजवी कूस करून झोपायची. लोखंडाचा हात धर म्हणून कोणाला सांगायचं?

होळीला तू निघताना तुला बरं वाटावं म्हणून मी परत तुझा हात लावला होता, तो तू गेल्यावर काढायचा राहिला. ओट्यावरच बसले होते. हे मळ्यातून आले, बघतात तर हात नुसता मांडीवर पडलेला. त्यांना वाटलं बोटाचा स्क्रू ढिला झाला. म्हणून त्यांनी बोट धरून हलवून पाहिलं. पट्टी गुरगुरली. मी म्हटलं, कळलं.

"काय कळलं?"

"तुमी बोट धरलं ते."

त्यांनी झटकन सोडलं. माझ्याकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता चार दिवस अबोला. पाणी प्यायला आत गेले, परत आले आणि पुन्हा धरलं. या वेळी हळू.

"आता?"

"आता हळू धरलं."

गिरधर, अंडं, लिंबू, बटाटा मला त्या हाताने अजून ओळखू येत नाही. पण हे आले की कळतं. सासूबाई दाबतात ते वेगळं, त्या दाराची कडी ओढावी तसं ओढतात. हे आधी बोटाच्या टोकाला नुसतं टेकतात, थांबतात, मग धरतात. आता उजवीकडे बसतात. चहा पाहिजे असला तरी तोंडाने मागत नाहीत, बोट दाबतात. मी वैतागते. म्हणते, तोंड दिलंय ना देवाने? पण उठते.

तू म्हणालास भुंगा दिला. असू दे.

काम हुकानेच होतं. साक्रीच्या बाईला हुकच दे, तोच खरा. पण हा हात मी पाठवणार नाही. समितीला तू काय वाटेल ते कळव. एवढं शिकलास, एक खोटं कारण तुला सुचणार नाही?

हे पत्र कोणाला वाचून दाखवू नकोस. हिलालला तर मुळीच नाही.

अक्का


देवपूर, धुळे
८ जुलै १९९१

ती. अक्का,

पत्र कोणाला दाखवलं नाही. मलाच ते पुरतं वाचायला दोन दिवस लागले. गेली दोन वर्षं मी तुझ्याकडे आलो की भाऊजींना मुका माणूस समजून तुझ्या हाताचं माप घेत बसायचो, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की ते डावीकडेच का बसतात.

समितीला मी खोटं कारण दिलं नाही. "उपकरण वापरात असल्याने पाठवता येत नाही" असं लिहिलं. त्यांना ते पटलं नाही. मंजूर झालेलं उपकरण वापरात कसं असेल, असं विचारणारं पत्र आलं. शेवटी हिलालने सागवानाचा एक हात कोरला, आत वायर नाही, मोटर नाही, रंग मात्र झकास. तो पाठवला.

मुंबईला जाऊन मी प्रदर्शन बघून आलो. लाकडी हात मखमलीवर, काचेच्या पेटीत ठेवला होता. वर लिहिलं होतं, "स्पर्शाची जाणीव देणारा हात". आणि खाली पाटी: "कृपया हात लावू नये". त्याला प्रशस्तिपत्र मिळालं. मला घ्यायला बोलावलं, मी गेलो, घेतलं. काय करणार? त्या हाताच्या जोरावर इथे हुकांचं लोखंड येतंय.

साक्रीच्या बाईचा हुक बसला. नाव भिकुबाई. पहिल्याच दिवशी तिने भाकरी उलटली आणि विचारलं, "मास्तर, याले बोटं नही का लावता येवाव?" म्हटलं, लावू. दोन्ही करतो. एक कामाचा, एक घरचा. कोणाला कशाला स्पर्श म्हणायचं असतं हे मी आता आधी विचारतो, मग माप घेतो.

तुझ्या पट्टीचे सेल महिन्यात संपत असतील. जादा पाठवतोय.

गिरधर


निंभोरे
२९ सप्टेंबर १९९१

गिरधरभाऊ यांस,
जीवरामचा रामराम.

मी पत्र कधी लिहीत नाही, चुकलं असेल तर सांभाळून घ्या.

परवापासून हात मुका झाला आहे. मूठ उघडते, मिटते, पण दंडावर गुरगुरत नाही. तुमी पाठवलेले सेल घातले. मग रेडिओचे काढून घातले. वायर कुठे तुटली ते माझ्या नजरेला दिसत नाही. उघडून बघणार होतो, पण बिघडला तर काय घ्या, म्हणून थांबलो.

बागेला पाणी द्यायचं आहे, तरी रविवारी पहिल्या गाडीने मी हात घेऊन धुळ्याला येतो. तुमची सुट्टी असेल तर कार्यशाळा उघडून ठेवा. मी तिथेच बसून राहीन, त्याच दिवशी दुरुस्त करून द्या.

तुमची अक्का म्हणते, कामं सगळी हुकाने होतात, गिरधरला कशाला त्रास, दिवाळीला येईल तेव्हा बघेल, काही घाई नाही.

तिचं ऐकू नका. घाई आहे.

जीवराम